अंगावर उठणारी बोटं

११ नोव्हेंबर २००३
आज मी बिरवाडीला आले. पोलादपूरला एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. महाडला उतरले तर लेक अश्वजित स्टँडवर उभा. आता इथेच राहायचं नि नातीला सांभाळायचं. गुडघे दुखतायत, पण दुखू देत. नातीचं नाव आम्रपाली, एवढं नाव घेईपर्यंत ती पळून जाते, म्हणून आमी. दीड वर्षाची हाय.

घर भाड्याचं, हारूनभाईंचं. ते मस्कतला, वरच्या मजल्यावर त्यांची बायको नुरजहाँ एकटी. फरशी एवढी गुळगुळीत की मी पहिल्यांदा चप्पल काढायला घाबरले.

माझी सून शर्मिला शास्त्रज्ञ हाय. शास्त्रज्ञ लिहायला मला तीन वेळा खोडावं लागलं. साक्षरता वर्गात बाईंनी जोडाक्षरं घाईत उरकली, ती अजून लंगडतात. शर्मिलेनेच ही वही दिली. म्हणाली, आई, आमीला केव्हा खाज सुटते, काय खाल्लं, अंगावर काय उठलं, ते उठल्या उठल्या लिहायचं. मी म्हटलं, लिहीन गो, पण मध्येमध्ये माझंपण लिहीन. ती हसली. थकलेली दिसते पोर.

१४ नोव्हेंबर
शर्मिलेचं काम सांगते. आमची कातडी अशी हाय की नख ओढलं तरी तिथे लाल फुगवटा येतो नि घटकाभर राहतो. मला हाय, माझ्याकडून अश्वजितला, त्याच्याकडून आमीला. लग्नाच्या हळदीला बायकांनी अश्वजितला चोळला तर सगळ्या पाठीवर त्यांची बोटं उठली. करवल्या घाबरल्या, पण नवरी म्हणे वही मागत होती! तिथूनच तिने हा विषय घेतला. रक्तात कसलं तरी जनुक असतं, ते कुणाच्या घरात कुणाकडून कुणाकडे गेलं ते ती शोधते. कुणाला दमा, कुणाला इसब, कुणाला शेंगदाण्याने सूज, सगळ्यांचं रक्त आमच्या फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या वरच्या खणात. माझंपण घेतलं. मी म्हटलं, घे बाई, आयुष्यभर या कातडीला लोक नावं ठेवत आले, आता पुण्याच्या संस्थेत जाऊन बसू दे.

आमीला तेल लावलं. माझी पाची बोटं तिच्या पोटावर उठली. ती ती बघून टाळ्या पिटते. माझी खरी नात.

२० नोव्हेंबर
दुपारी आमी पाळण्यातून उठली तेव्हा घोट्याला लाल कडं होतं. मी हात लावला नव्हता, तांदूळ निवडत होते. शर्मिला म्हणाली, मोज्याचं इलॅस्टिक. मोजे तर दोरीवर वाळत होते. मी तिला चहा टाकला. दमून आली होती, सावित्री नदीपलीकडच्या चार वाड्या फिरून.

२४ नोव्हेंबर
आज पाठीवर. चार बोटं नि अंगठा, स्वच्छ. शर्मिलेने विचारलं, आई, जोरात उचलली का हो? मला वाईट वाटलं, पण ती आई हाय, विचारणारच. मी माझा हात ठेवून दाखवला. माझी बोटं त्या खुणांच्या निम्म्यावर संपली. मग अश्वजितचा ठेवला. तोपण पुरला नाय. शर्मिलेने प्लास्टिकची पट्टी लावून मापलं, फोटो काढला. तिचे डोळे चमकत होते. म्हणाली, असा प्रकार कुठे लिहिलेला नाय.

मला एक दिसलं ते लिहिते. आपल्या बोटाला तीन पेरं असतात. त्या खुणेत चार होती.

२८ नोव्हेंबर
उमरठहून माझा भाऊ कुशाबा रक्त द्यायला आला. येताना नाचणीचं पीठ आणलं. सुई टोचली तर म्हणतो, सुने, जपून गो, म्हाताऱ्याच्या अंगात आता चहाच हाय. सगळे हसलो. तेवढ्यात आमी नुसत्या चड्डीवर धावत आली, नि कुशाबाचं तोंड उतरलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, सुंदरे, पोर अशी उघडी ठेवतेस? आये काय करायची विसरलीस?

विसरले नाय. आये आम्हाला उजाडायच्या आत अंघोळ घालायची, उन्हाळ्यातसुद्धा गळ्यापासून पायापर्यंत कपडे. मला वाटायचं गरिबीची लाज. कुशाबा म्हणाला, लाज नव्हे. अंग बघायचं नाय म्हणून. बघितलं म्हणून ते हात थोडेच जातात? बघितलं की आपली झोप तेवढी जाते.

मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. तर म्हणाला, आपला धाकटा भाऊ हैबती कसा गेला? मी म्हटलं, तापाने. तो म्हणाला, तापाने गेलेल्याला कुणीतरी उचलून मसणात नेतं. हैबतीला कुणी नेलेलं तुला आठवतं का? त्याच्या घोट्याला आलं, मग पाठीला, मग मानेला. मग भर दुपारी आयेच्या पुढ्यातून नाहीसा झाला.

आठवत नाय मला. कुणी नेलेलं आठवत नाय. कुशाबा चहा न पिता एसटीला गेला.

१ डिसेंबर
माझ्या दंडावर उठलं. कुणीतरी मला बाजूला सारावं तसं. मी आमीचा पाळणा हलवत होते.

शर्मिलेला दाखवलं, कुशाबाचं बोलणंपण सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, आई, घाबरल्याने पण अंगावर उठतं. असेल. तिने फोटो काढला, पण या वेळी डोळे चमकले नायत.

नुरजहाँ म्हणाली, आमच्या कातडीवर बाई काय उठतच नाय, सुटलो आम्ही. मी तिच्या गोऱ्या मानेकडे बघत राहिले. उठत नाय म्हणजे हात नसतोच असं थोडंच? ते सगळ्यांच्याच अंगावरून फिरत असतील. दिसतात फक्त आमच्यावर.

४ डिसेंबर
मान. आमीच्या मानेवर. कानाखाली दोन बोटं, बाकीची मागे.
मी तिला खाली ठेवत नाय. हात भरून येतात. जेवण एका हाताने. शर्मिला म्हणते, आई, झोपा थोड्या. कशी झोपू?

५ डिसेंबर
शर्मिलेने आमीला खाजेची गोळी चालू केली. पोर खाजवून खाजवून रडते, आईला बघवत नाय, बरोबर हाय. गोळीने अंगावर काही उठणार नाय म्हणाली. मी फक्त पाया पडायची राहिले होते. म्हटलं, नको देऊ गो, उठलं नाय तर कळणार कसं तो कुठवर आलाय? ती रडली. म्हणाली, आई, मी पण दमलेय हो.
गोळी दिली.

६ डिसेंबर
आमी स्वच्छ. लोण्यासारखी कातडी. अश्वजित दादरला चैत्यभूमीला गेलाय, त्याने फोन करून विचारलं, शर्मिला हसून सांगत होती.
मला दिलेली गोळी मी जिभेखाली धरली नि मोरीत थुंकली. एकीची तरी कातडी जागी हवी.

८ डिसेंबर
माझ्या दोन्ही हातांवर. कोपरापर्यंत. आमी मांडीवर असते तेव्हाच. मला ओलांडून तिच्याकडे जातो — येताना माझ्यावर उठतो.
डोळे मिटतायत.

९ डिसेंबर
अश्वजित कंपनीत, पहिल्या पाळीला. शर्मिला पोलादपूरला, रक्त गोळा करायला. नको जाऊ म्हटलं. संध्याकाळी लवकर येते म्हणाली.
नुरजहाँला हाक मारली. येऊन बसली, आमीला बघितलं — काय नाय हो हिला — भात लागेल म्हणून वर गेली.
दुपार हाय. लख्ख ऊन. घरात कोण नाय.
डाव्या हाताने आमीला छातीशी धरलीय. उजव्याने लिहिते. शर्मिला, तू म्हणालीस उठल्या उठल्या लिहा.
दंडावर उठलं.
कोपर —
मनगटाला पूर्ण कडं. आवळतंय.
आमी रडत नाय. माझ्या खांद्यावरून कुणाकडे तरी बघून हसतेय. हात पुढे करतेय, घे म्हणून —
माझ्या करंगळीवर उठलं. करंगळी उघडली. मी नाय उघडली.
दुसरं बोट —
शर्मिला, मी सोडलं नाय. हे वाच. मी सोडलं नाय, एकेक बोट तोच —
मधलं —