'व्हेस्टा मे'ची फळी

२१ ऑक्टोबर

आईचा फोन. "दोन तारखेला येते तिकडे. मेणबत्त्या घेऊन. एर्मीन मावशी पण येतेय, तिला तुझं संग्रहालय बघायचंय."

"या," म्हणाले आणि फोन ठेवला.

बाबांना कबर नाही. 'व्हेस्टा मे' बुडाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माणसं सापडली नाहीत, बोटीच्या नावाची फळी तेवढी किनाऱ्याला लागली. मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, आमचं सगळं कारियाकू बेट कबरींवर मेणबत्त्या लावतं, आई घरातल्या भिंतीवरच्या त्या फळीखाली लावायची. मार्चमध्ये ती मीच मागून आणली. "जुन्या गोदीतल्या संग्रहालयाच्या मोठ्या दालनात लागेल, आई. सगळं जग बोटीचं नाव वाचेल!" घरातली पहिली पदवीधर बोलत होती. आईने ऐकलं.

ऑगस्टपासून फळी संग्रहालयाच्या बारमध्ये आहे. तिला सहा हूक ठोकलेत. पर्यटक टोप्या अडकवतात.

घरी मी एका शब्दाने बोललेले नाही.

२३ ऑक्टोबर

संग्रहालयाच्या प्रमुखांना, पास्कल सरांना विचारलं, एका दिवसापुरती दालनात लावू या का. "दोन तारखेला? बारमध्ये लग्नाची पार्टी आहे गं. आणि मेणबत्त्या? लाकडी छताखाली?" मग हसून — "लोकांना हात लावता येईल असा इतिहास, ही कल्पना तुलाही आवडली होती ना?"

आवडली नव्हती. पण हो म्हणाले होते. हूक ठोकताना खिळे हातात धरून मीच उभी होते!

२४ ऑक्टोबर

फोन केला नाही.

२७ ऑक्टोबर

केला. खोटं बोलले. "दालनात रंगकाम चाललंय, आई. बंद आहे."

"अगं बाई. मी निळ्या झग्याला इस्त्रीसुद्धा केली." मग, "असू दे. पुढच्या वर्षी."

मागून मावशी ओरडली, "तिला सांग, रंग वाळायला वर्ष लागत नाही!"

रडण्याइतकीही लायकी नाही माझी.

२ नोव्हेंबर

संध्याकाळी गोदीवरून इथल्या टेकडीवरचं कबरस्तान दिसतं. शेकडो ज्योती. आई आज कशाखाली लावत असेल? रिकाम्या भिंतीवर नुसती फळीची फिकट खूण असेल.

बारमध्ये गेले. नवऱ्यामुलाच्या काकाची भिजलेली टोपी फळीवर. पाणी 'मे' वर ठिबकत होतं. टोपी काढली, त्यांच्या हातात दिली. "थँक्यू पोरी, तिथेच असू दे ना," म्हणाले. मी पुन्हा अडकवली.

पुन्हा अडकवली!

३ नोव्हेंबर

सरांना सगळं सांगितलं. ही माझ्या वडिलांची बोट, आम्हाला कबर नाही, मी आईशी खोटं बोलले. वाटलं, संग्रहालयाच्या समितीकडे पाठवतील, फळी दान केल्याचे कागद काढतील, कदाचित नोकरीही जाईल. मनाची तयारी केली होती.

"अरेरे. आधी नाही का सांगायचं? ने की. तिथे आरसा लावू."

इतकं सोपं होतं. कधीही विचारता आलं असतं.

४ नोव्हेंबर

सकाळच्या बोटीने कारियाकूला निघाले. फळी चादरीत गुंडाळून मांडीवर. हूक काढले, भोकं राहिली.

आई दारातच होती. सगळं कबूल केलं — बार, टोप्या, रंगकाम. म्हटलं, मार मला. आईने भोकांवरून बोट फिरवलं.

मावशीच हसली. "टोप्या? तुझा बाप जन्मभर दारूच्या दुकानात टोपी विसरून यायचा. बरा होता की तिथे!"

आई हसली नाही. "परत आणलीस," एवढंच म्हणाली. मला वाटलं, भरून आलंय. मी स्वतःच जुन्या खिळ्यांवर फळी चढवली. कित्येक महिन्यांनी इतकं हलकं वाटलं.

६ नोव्हेंबर

आई परवापासून दाराला कडी लावत नाही. मी लहान असतानाही लावत नसे. मला वाटायचं, गावात कुणीच लावत नाही.

आज मावशीला विचारलं. तिने मासे साफ करायचे थांबवले.

"चौदा वर्षं तुझा बाप परत येईल म्हणून दार उघडं ठेवलं होतं. मार्चमध्ये तू फळी नेलीस ना, त्या दिवसापासून वाट बघणं सोडून कडी घालून झोपायला लागली होती. तुला कुणी सांगितलं नाही?"