टर्फखालच्या भेगा

८ एप्रिल, मंगळ
बाबूकाकांच्या अंगणातल्या टर्फचा जॉइंट परत उघडला. गेटकडचा. दोन बोटं जातात आत. फेब्रु.मध्ये मीच बसवलं होतं हे प्लास्टिकचं गवत, तेव्हा ब्लेडसुद्धा गेलं नसतं. माझं पहिलं काम, व्हिडिओ पाहून शिकलेलं. शेजारी आहे म्हणून काकूनं दिलं, नाहीतर मला कोण देणार. काकांना पॅरालिसिस झाल्यावर (डावी बाजू) डॉक्टरनं रोज चालवा म्हटलं, आणि इथली काळी कन्हार माती उन्हाळ्यात अशी फाटते की चांगला माणूसही पाय मुरगळतो. मी म्हटलं काकू, टर्फ टाकू, एकदम सपाट होते. सपाट हा शब्द माझाच.

९ एप्रिल
जुना टेप काढला, नवीन टेप, नवीन ग्लू. दुपारी दोनला ग्लू च्युइंगमसारखा लोंबत होता. गुडघा टेकवला तर चटका. व्हिडिओतला माणूस स्वेटर घालून काम करून राहिला होता.
काठाचे खिळे पाहिले. सहा इंची. नुसते ओढले तर हातात आले. माती त्यांना सोडून मागे सरकली आहे.

१० एप्रिल
काका सकाळी सहाला चालले. अनवाणी, काठी घेऊन. दहा फेऱ्या. काका एसटीत कंडक्टर होते, म्हणून व्हरांडा म्हणजे गोंदिया, मधली पाण्याची टाकी म्हणजे सडक अर्जुनी, गेट म्हणजे नवेगाव. जीभ जड झाली आहे पण स्टॉप बरोबर घेतात. मी मध्ये आली तर म्हणे, "पुढं सरका, बाई."
जॉइंट टिकला. मी खुश.

१४ एप्रिल
जयंती. काकांना पांढरा शर्ट घालून गेटपाशी खुर्चीत बसवलं, रॅली दिसावी म्हणून. बसले आणि खुर्चीचा मागचा पाय टर्फसकट खाली गेला. चार इंच तरी. काकूनं आणि मी धरलं म्हणून.
काका हसले. "स्टॉप नाई, तरी गाडी थांबली."
मला नाही आलं हसू. रॅली पाहिलीच नाही नीट.

१५ एप्रिल
टर्फ पलटवलं. खाली भेग. हात कोपरापर्यंत गेला, तरी बूड नाही लागलं. वरून काहीच कळत नव्हतं, सगळं हिरवंगार. उघडी जमीन असती तर काकांना भेग दिसली तरी असती. मी ती झाकून...
सहा घमेली वाळू टाकली. सगळी गिळली.

१७ एप्रिल
धनराज मिस्त्रीला आणलं. तो आधी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला, मग भेगेत काडी टाकून पाहिली.
"कवा टाकलं हे?"
"फेब्रुवारीत."
"तवा ओल होती ना खाली. आता सुकून राहिली. कन्हार आहे पोरी, उन्हात आकसते, पावसात फुगते. फूटभर खोदून मुरूम भरा लागत होता. काऊन विचारलं नाही आधी?"
विचारलं होतं. व्हिडिओखाली कमेंटमध्ये. उत्तरात नुसता अंगठा आला होता.
आता खोदायचं तर वीस दिवस अंगण बंद. बाहेर रोडवर ट्रक. काकू म्हणे, "वीस दिवस बसले तर मग उठत नाही ते." विषय संपला.
नाहीतर रोज पाणी मारा, मिस्त्री म्हणाला. पण सगळीकडे सारखं.

२१ एप्रिल
नळ एक दिवसाआड. काकू भांड्याचं, कपड्याचं सगळं पाणी टर्फवर ओतते. समोरची उषाताई कठड्यावरून पाहत होती.
"का वो, प्लास्टिकच्या गवताले पाणी देऊन राहिले? कापणी कवा?"
"दसऱ्याले," काकू म्हणे. "तुलेही देईन एक पेंढी."
मी बादली घेऊन आत गेली.

२६ एप्रिल
पाणी व्हरांड्याकडेच मुरते. तिकडची माती फुगली, गेटकडची तशीच फाटलेली. आता टाकीजवळ उंचवटा आहे. आधी एक प्रॉब्लेम होता. दुसरा मी पाणी घालून वाढवला.

२९ एप्रिल
काकूला सगळं सांगितलं. भेग कोपरापेक्षा खोल आहे, वाळू पुरत नाही, काका कधीही पडू शकतात. काकू भाजी निवडत होती, निवडतच राहिली.
"मंग तूच सांग त्यांले. मी नाई सांगत. आता कुठं बरे जेवाले लागले."
मी गेली. काकांनी मला पाहून काठी भिंतीला टेकवली आणि चार पावलं चालून दाखवली. बिनाकाठीची. पहिल्यांदा. "उद्या एक्सप्रेस," म्हणे. "डायरेक्ट नवेगाव."
"काका, टाकीपर्यंतच जाऊ ना."
"काऊन?"
"गेटकडे ऊन लागते."
सकाळी सहाला कसलं ऊन. 

३० एप्रिल, बुध
सहाला गेली. काठी आतच ठेवली होती त्यांनी. मी डाव्या बाजूला. उंचवट्यावर थोडे डगमगले, टाकी धरली. मी म्हटलं बस काका, फिरू. थांबले नाहीत. भेगेच्या जरा बाजूनं गेले. त्यांचा हात गेटला लागेपर्यंत मी दोन्ही हात पुढे धरूनच होती.
परत येताना म्हणे, "माहीत आहे मले. पोकळ लागते तिकडं. पायाले समजते."
"मग काऊन चालता?"
"मंग कुठं चालू?"
 
संध्याकाळी अजून पाच घमेली वाळू. तीही भेगेनं गिळली. पावसाला दीड महिना आहे, तेव्हा माती फुगेल, मग काय होईल ते मिस्त्रीलाही सांगता येत नाही. उद्या सहाला जाते. ठरलं आहे, टाकीच्या पुढे आधी माझा पाय, मग त्यांचा.