'उशिराचं ऊन' : एक रसग्रहण

३ मार्च, सोमवार
माझ्या लाडक्या गायकाचा, आमच्या म्हातारबांचा, नवा अल्बम आला. किती वर्षांनी! नाव 'उशिराचं ऊन'. वय अठ्ठ्याहत्तर, पण गिटार काही सुटत नाही. लेकीने फोनवर पाठवला. ती लहान असताना तिला मांडीवर बसवून मी यांचीच गाणी ऐकवायचो. घरात रसिक दोघेच, मी आणि ती. ती सासरी गेल्यापासून मी एकटाच. ही ऐकते, पण भाजी चिरता चिरता. त्याला ऐकणं म्हणत नाहीत.

वाचनालयात बावीस तारखेला या अल्बमचं रसग्रहण करायचंय. ग्रंथपाल म्हणाले, अर्धा तास बोला. म्हटलं, अर्ध्या तासात माझी प्रस्तावना होते.

संकल्प : रोज एकदा अखंड ऐकणे. मध्ये चहा नाही.

५ मार्च
ऐकला. (एकदा चहा झाला. हिने आणून ठेवला, मी मागितला नव्हता.) थक्क झालो. म्हातारबांनी माउथ ऑर्गन टाकून दिलाय! ज्याच्यावर जन्मभर नाव कमावलं, तोच बाजूला ठेवला. शब्दसुद्धा पुसट केलेत. उरलाय फक्त ड्रम, खालचा सूर, आणि मधे लांबच लांब शांतता. उतारवयात माणूस मौनाकडे जातो तो असा. भाषणाचा मुद्दा सापडला.

शेजारीण येऊन हिला आवाज कमी करायला सांगून गेली म्हणे. अल्बम मुळातच इतका हळू आहे, त्यात कमी काय करणार? गाढवाला गुळाची चव काय.

७ मार्च
मी शिकवतो त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत लावला. स्टिअरिंगवर गाडी शिकायला येणाऱ्या नर्सबाई. त्यांना म्हटलं, बघा, अलीकडे लोक किती सुधारलेत, कोणी हॉर्नच वाजवत नाही. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी फुटपाथवर चढली. मागचा ट्रकवाला खाली उतरला. तोंडाच्या हालचालीवरून बराच रागावलेला वाटला.

बाई म्हणाल्या, तो केव्हाचा हॉर्न देतोय सर, तुम्ही कान दाखवून घ्या. हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्यांना जिकडेतिकडे पेशंट दिसतात.

९ मार्च, रविवार
लेकीचा फोन. हल्लीचे फोन भिकार, निम्मे शब्द वाटेतच गळतात. त्यात ही पोरगी पुटपुटते. आईवर गेलीये. हीसुद्धा हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते.

एवढं कळलं की ती आणि जावईबापू 'राहायचं' ठरवतायत. म्हणजे नवं घर. बरोबर आहे, तिथल्या दोन खोल्यांत जीव गुदमरतो. म्हटलं, उत्तम! उशीरच केलात, मी आधीच सांगणार होतो. जावईबापूंनाही माझं अभिनंदन सांग. मग अल्बमवर बोललो. ती बराच वेळ गप्प होती. भारावली असणार. मग लाईन कट झाली.

११ मार्च
बढती! मालकांनी गाडीवरून काढून थिअरीच्या वर्गावर घेतलं. उद्यापासून फळा, खडू आणि रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते. अनुभवी माणसाला क्लच-ब्रेकमध्ये किती दिवस कुजवणार? पगार थोडा कमी, पण मान आहे.

हिला सांगितलं. ती काहीतरी म्हणाली. मी हसलो. ती हसली नाही.

१६ मार्च, रविवार
ही चार दिवस गप्प आहे. डोळे लाल. परवा पाचवं गाणं लावलं होतं तेव्हा उठून आत गेली. म्हातारबांची जादू! भाजी चिरणाऱ्या बाईलासुद्धा शेवटी पाझर फुटला.

भाषण अठरा पानं झालंय. लेकीला ऐकवावं म्हणून फोन केला. उचलला नाही. घर बघत फिरत असेल.

२२ मार्च, शनिवार, संध्याकाळ
थोडक्यात लिहितो.

वाचनालय बऱ्यापैकी भरलं होतं. ही दुसऱ्या रांगेत. मी माउथ ऑर्गनच्या त्यागावर बोललो. रंगलो होतो. शेवटी पाचवं गाणं लावायला सांगितलं आणि बोट वर करून म्हणालो, ऐका, ही शांतता ऐका.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. पुढच्या रांगेतले रिटायर्ड पोस्टमास्तर उठून जवळ आले आणि माझ्या कानाशी ओरडले, "अहो, माउथ ऑर्गनच वाजतोय. पहिल्यापासून."

मी म्हणालो, ते प्रतीकात्मक आहे. ग्रंथपालांनी आभार मानले. निदान त्यांचे हात जोडलेले होते. हिची मान खाली.

२३ मार्च
वाचनालयाचे स्पीकर टाकाऊ. वर लिहून कळवणार आहे.

दुपारी हिने अल्बम बंद केला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. माझा चेहरा धरून आपल्याकडे वळवला आणि एकेक शब्द मोठ्याने बोलली.

"लेक आणि जावई वेगळं राहायचं ठरवतायत. मोडलंय त्यांचं. तिने पहिल्यांदा तुम्हाला सांगितलं, मला नाही. आणि तुम्ही उत्तम म्हणालात."

मी म्हणालो, फोन भिकार आहे.

ती म्हणाली, फोन चांगला आहे.



२५ मार्च
कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. केवळ हिच्या समाधानासाठी. त्यांनी एका काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन लावले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. बराच वेळ आवाज आलाच नाही. मशीन चालू करायला विसरल्या असतील म्हणून काचेतून खूण केली. त्यांनीही खूण केली. चालू आहे.

वरचे सूर गेलेत म्हणे, गेल्या काही वर्षांत हळूहळू. इतक्या हळू की माणसाला पत्ता लागत नाही.

२९ मार्च, शनिवार
यंत्र बसवलं. दोन्ही कानांत. फ्रिज बोलतो. माझ्या चपला वाजतात. ही पुटपुटत नाही, तिचा आवाज चांगला खणखणीत आहे.

संकल्प : उद्या लेकीला फोन. काय बोलायचं ते आधी मुद्देसूद लिहून काढणे. बाप म्हणून चार धीराचे शब्द, मग व्यावहारिक सल्ला.

३० मार्च, रविवार
मुद्दे लिहिले. खोडले. शेवटी तसाच फोन लावला.

पहिल्यांदा तिने उचलला नाही, मग तिचाच आला. ती खूप वेळ बोलली. जावई कसा वागला, तीही कुठे चुकली, रात्री भाड्याच्या खोलीत एकटीला कशी भीती वाटते. शब्द न् शब्द ऐकू आला. मधे श्वास घ्यायला थांबायची तेही. हं म्हणालो. परत हं म्हणालो.

मग तिनेच विचारलं, "बाबा, अल्बम कसा वाटला?"

म्हणालो, "अजून ऐकला नाही गं."

ती हसली. मग रडली. दोन्ही स्पष्ट ऐकू आलं.