डब्याचं झाकण

१८ नोव्हेंबर
सिंधूले जाऊन आज अठरा दिवस. मालाची गाडी तेव्हापासून अंगणात उभी. सुरू केली. तशीच थरथरते. इंजिनाचं झाकण दोन सीटांच्या मधात, त्यावर सिंधू जेवणाचा डबा ठेवायची, गरम राहतो म्हणून. आज मी ठेवला. रिकामाच. डब्याचं झाकण वाजू लागलं. गाडी बंद केली.

१९ नोव्हें.
लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.
दसऱ्याच्या पूजेसाठी डिझेल लावून इंजिन घासलं. डिझेल पंपावरची टायमिंगची खूण, म्हणजे पंप नेमका कुठं बसवायचा ती, पुसली गेली. लाल नेलपॉलिशची, सिं.नं केलेली. युसुफभाई मिस्त्रीनं पंप बसवला तेव्हा ती बॅटरीचा उजेड धरून उभी होती. म्हणे, तुमी विसरान, मीच खूण करून ठेवते.
मग पंप गळू लागला. मीच काढला, सील बदललं, परत बसवला. खूण नाही, म्हणून आवाजावर बसवला. तीस वर्षं गाडी चालवतो, मले येत नाही काय.
दुसऱ्याच दिवशी सिं. म्हणाली, "काहो, डब्याचं झाकण वाजून राहिलं. आधी नव्हतं वाजत."
म्हटलं, "तुले काय कळते त्यातलं? डबा मांडीवर घे."
मांडीवर घेतला.

२१ नोव्हें.
मंगलचा अकोल्याहून फोन. "बाबा, गाडी इकून टाका."
म्हटलं, आधी तिले काय झालं ते पाहू दे.
"आता काय पाहता?"
पोरीले सांगितलं नाही. त्या सकाळी सिं.च्या छातीत कळ आली, तेव्हा मीच म्हटलं आपल्याच गाडीनं नेतो, ॲम्ब्युलन्सची वाट कोण पाहते. पूर्णेच्या पुलाच्या चढावर गाडीनं दम सोडला. पांढरा धूर. पहिल्या गिअरात सुद्धा ओढेना. एक सायकलवाला पुढे निघून गेला. सिं. इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून बसली होती.
अकोल्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी यायला पाहिजे होतं. थोडं म्हणजे किती, ते विचारायचं राहिलं.
टायमिंग मागं पडलं की पांढरा धूर येतो. डिझेल फवारणारं नोझल मेलं तरी येतो. दोन्हींतलं कोणतं?

२४ नोव्हें.
युसुफभाईकडे गाडी नेली. आधी इंजिनाखालचे रबर पाहिले, साबूत. मग इंजिन चालू ठेवून नोझलच्या नळ्यांचे नट एकेक ढिले केले. पहिला, इंजिन अडखळलं. दुसरा, अडखळलं. तिसरा, काहीच फरक नाही. चौथ्याले पुन्हा अडखळलं.
"घ्या काकाजी. तिसरं नोझल मेलं. हेच थरथरवून राहिलं."
"आन् टायमिंग?"
"पाहतो ना. तुमी घरी जा. तुमी असे डोक्यावर उभे राहिले तं इंजिनाले घाम फुटन."
मी सांगितलं, पंप माझ्याच हातचा आहे. तो बराच वेळ फडक्यानं हात पुसत राहिला.

२६ नोव्हें.
गाडी आणली. युसुफभाई म्हणाला, "नोझलच होतं. टायमिंग बरोबर होतं, पंपाले हातबी नाही लावला. काही मनात ठेवू नका."
घरी येऊन झाकणावर डबा ठेवला. वाजला नाही. पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. सिं.ले सांगावं वाटलं, पाह्य, माझ्यामुळं नव्हतं. बाजूची सीट...

२७ नोव्हें.
इंजिनाचं झाकण काढायचं नव्हतं. काढलं.
पंपाचे तीन नट. प्रत्येकाखाली वायसर, आणि वायसरच्या बाजूला त्याचाच जुना ठसा, मळात उमटलेला. हा मळ दसऱ्यानंतरचा, म्हणजे मी बसवला तेव्हाची जागा ती. युसुफभाईनं पंप तिथून सरकवला आहे. गव्हाच्या दाण्याएवढा.
एका दाण्यानं गाडी चढ चढत नाही काय? की मेलेल्या नोझलनं तशीही चढली नसती? युसुफभाईले ठाऊक असेल. तोंडावर विचारलं तर दुसऱ्यांदा खोटं बोलणार नाही तो.
उद्या अमरावतीले शेवंतीची फुलं न्यायची आहेत. रस्ता त्याच्या दुकानावरूनच जातो. बाजारातून वळसा घेऊन जाईन.