देवापुढच्या गोळ्या

१२ मे २००३, सोमवार

दुपारी यांच्या कॅन्सरच्या गोळ्या कपाटात सापडेनात. सासूबाईंनी त्या देवघरात समईला अगदी टेकवून ठेवल्या होत्या, देवाची नजर राहावी म्हणून. पाकीट हाताला गरम लागलं. उन्हाळाभर मी या गोळ्यांसाठी घरात थंड जागा शोधतेय, आणि इथे...

केमिस्ट फोनवर म्हणाला, "काकू, उष्णतेने खराब झाल्या असतील, त्या देऊ नका आता. नाशकात मिळत नाहीत, मुंबईहून परवा येतील."

हे पडल्या पडल्या हसले. "आई, देवालाच दे त्या. त्याला तरी गुण येईल." सासूबाई हसल्या नाहीत. त्यांच्यावर कशी रागावू? कॉन्व्हेंट शाळेत परीक्षेचं पेन मीही मदर मेरीच्या मेणबत्तीपाशी ठेवायचेच की. पण पाकीट इतकं गरम!

आत्ता त्या हळूच विचारून गेल्या, "दोन दिवसांत गाठ वाढेल का गं?"

मी नाही म्हटलं. मला तरी कुठे माहीत आहे?