न बसवलेली वीट

अश्शूर. कापणीचा महिना, चंद्र उद्या-परवा दिसेनासा होईल.

एन्नानुम, तुझी थोरली बहीण शिमातुम बोलते आहे. अश्शूरदेव तुला सांभाळो. तुझी माणसं, तुझी गाढवं खुशाल असोत. इकडे जव चांगला आला. नदी उतरली. तू मागितलास तसा, आतून लव ठेवलेला झगा विणून झाला. तांड्याबरोबर पाठवते आहे. आईच्या गुडघ्यांचं विचारलंस. आता दुखत नाहीत.

जुना झगा घाटात थकलेल्या गाढवावर टाकून तू पुढे चालत गेलास, असं तू नंतरच्या पत्रात लिहिलंस. तसंच केलं असतं मीही. पण मागून येणाऱ्या तांड्याला बर्फात मेलेलं गाढव आणि तो झगा, एवढंच सापडलं. त्यांनी तो आणून आईच्या मांडीवर ठेवला, आणि तू गेलास असंच आम्ही धरलं.

त्या महिन्यात चंद्र नाहीसा झाला तेव्हा आई आतल्या खोलीत गेली, जिथे जमिनीखाली आजोबा आणि बाबा निजलेत. विटांमधल्या भोकातून तिने पाणी सोडलं. आजोबांचं नाव घेतलं, बाबांचं घेतलं. मग तुझं. खाली वाकून म्हणाली, "त्याला आधी द्या हो, लहानपणापासून तहान धरवत नाही त्याला."

वसंतात तुझं पत्र आलं. मी वाचून दाखवलं, तर आई इतकी हसली की शेजारीण धावत आली. "जिवंत आहे मेला!"

संध्याकाळी मात्र म्हणाली, "शिमातुम, मी त्याला खाली हाक मारली गं. आता ते त्याला शोधत वर येतील."

मी म्हटलं, "बाबा कधी स्वतःची चप्पल शोधायला उठले नाहीत, ते याला शोधायला उठणार?"

हसली नाही. तुला ये ये म्हणून निरोप धाडत राहिली. तू म्हणालास, पुढच्या वर्षी.

एन्नानुम, आई बाबांच्या शेजारी आहे.

जाताना म्हणाली, "मी सांगते त्यांना, पोरगा वरच आहे. पण माझ्या एकटीचं कोण ऐकणार? पाणी सोडताना माझं नाव पहिल्यांदा त्यालाच घेऊ दे. वरून त्याचा आवाज आला की पटेल त्यांना."

म्हणून मी पाणी सोडते, आजोबांचं, बाबांचं नाव घेते, आणि थांबते. मामा ओरडतात, "अगं, ती तहानेली असेल, तू घे की नाव!" मी घेत नाही. ओठांपर्यंत येतं, तरी नाही. तुझ्यासाठी तिच्यावरची एक वीट अजून बसवलेली नाही.

झगा पाठवते असं वर लिहिलं. पाटीची तिथली ओली माती वाळली, आता पुसता येत नाही. पण पाठवत नाही. खुंटीवर ठेवला आहे, येऊन घाल.

तुझी वाट बघणाऱ्या दोघींपैकी वरची,
शिमातुम