किसनला नीट मारायचं आहे

३ नोव्हें., सोम.
बाड तिसऱ्यांदा परत. पुण्याच्या संपादक बाईंनी (इथून पुढे सं.बाई) या वेळी लाल शाईची कंजुषी केलेली नाही. प्रकरण १९ वर आडवी रेघ आणि खाली: ‘किसनचं मरण कोरडं झालंय. इथं वाचक रडला पाहिजे. वीस तारखेच्या आत द्या, कव्हर तयार आहे.’
अकरा वर्षं झाली या कादंबरीला. नागापूरला कंपनीत दिवसभर मी दुसऱ्यांनी केलेले जॉब, म्हणजे सुटे भाग, मापून रिजेक्ट करतो आणि घरी येऊन स्वतःचा रिजेक्ट झालेला बघतो. आज उघडलंच नाही. चहा घेऊन पडलो.

५ नोव्हें., बुध.
प्र. ४ बाईंनी पास केलं. कावळ्याचं. ते तर जसं घडलं तसंच लिहिलंय. किसन म्हणजे आमचा दादा, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही.
दादा बारा वर्षांचा, मी पाच. गावी, देवळालीला, खळ्यावर कावळा त्याच्या डोक्यावर येऊन बसला. म्हाताऱ्या म्हणाल्या, पोरगं जातंय. त्यावर तोडगा एकच. नातेवाइकाला ‘पोरगं गेलं’ अशी खोटी बातमी धाडायची. तो खराखुरा रडला की खरं सांगायचं, बला टळली. आईनं शेजारच्या तात्यांना शिर्डीला आत्याकडे पाठवलं. आत्याचं फुलांचं दुकान. तात्या गेले आणि आधी समोरच्या गाडीवर प्लेटभर भजी खाल्ली. मग तोंड पुसून आत्याला म्हणाले, तुमचा भाचा गेला. मयताची बातमी घेऊन आलेला माणूस भजी खाईल होय? आत्यानं लगेच ओळखलं. रडली तर नाहीच, पुढच्या एस.टी.नं पेढे घेऊन हसत हसत दारात. आई वर्षभर तिच्याशी बोलली नव्हती.
कादंबरीत ती बातमी पुढे खरी होते. किसन मरतो. सगळी कादंबरी त्यावरच उभी आहे.

८ नोव्हें., शनि.
दादा आला. नगरच्या दवाखान्यात घशातला तुकडा काढून तपासायला दिला. दोन महिने आवाज बसलाय, याला आत्ता वेळ मिळाली, तीही वहिनी रडली म्हणून. रिपोर्ट २१ ला, चार वाजता.
जेवताना टेबलावरचं बाड दिसलं.
‘आजून चालूच हाय का रं तुजं?’
प्र. १९ मी पेपरखाली सरकवलं. एकसष्ट वर्षांच्या माणसापासून कागद लपवतोय मी.

९ नोव्हें., रवि.
सं.बाईंना फोन. किसनला जगवू या का? त्या म्हणाल्या, ‘मग कादंबरी कशाची राहिली?’ बरोबरच आहे. कारण विचारलं, सांगितलं नाही. काय सांगणार? कंपनीत आमच्या खात्यात दर वर्षी अंधश्रद्धेवर भाषण मी ठोकतो. लिंबू-मिरची टांगली की काढणारा मीच. आणि माझाच हात चालत नाही. लाज वाटते. त्याहून जास्त भीती.

११ नोव्हें., मंगळ.
किसनला जगवून पाहिलं. तीन पानं. सुनंदाला वाचायला दिली. वाचून म्हणाली, ‘जगला, पण कशासाठी जगला ते कळत नाही.’ बायको आहे की सं.बाईंची शाखा. फाडली. डोकं दुखतंय, पाठ दुखतेय, आणि सकाळी पहिली पाळी.

१४ नोव्हें., शुक्र.
रजा टाकून देवळालीला. ऊसतोडीची टोळी रानात, वहिनी तिकडे. दादा बाजेवर, गळ्याला मफलर. बसायच्या आत म्हणाला,
‘आन्लंय का? एकोनिसावं वाच.’
सुनंदानं वहिनीला फोन केला होता! घरी आलो की बघतो तिच्याकडे असं ठरवलं, पण वाचावं लागलं. सगळं वाचलं. त्याचं मरण त्याच्यापुढे, त्याच्याच बाजेवर बसून. माझा आवाज दोनदा गेला, त्याचा तर आधीच गेलेला.
दादानं मफलर सारखा केला. मग, ‘मी मेलो आन् तू दीड पान आभाळ रंगवलंस व्हय रं? कोन रडंल आभाळाला?’
मला हसू आलं. तोही खोकत हसला.
नंतर म्हणाला, ‘आत्या रडली न्हवती ना तवा. आई मरंस्तोवर म्हनायची, येवढं राह्यलं आपलं. तर मार तू मला पुस्तकात. पन नीट मार. रडाय पाह्यजे कुनीतरी.’
‘तू मानतोस होय हे?’
‘न्हाई मानत. पन डाक्टरला तरी कुटं काय कळतंय आजून?’
एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसलो राहुरीपर्यंत.

१६ नोव्हें., रवि.
सकाळी सातपासून बसलो. आभाळ काढलं. दवाखाना काढला. मेल्यावर गावकरी काय बोलतात तेही काढलं.
दादाची एक सवय आहे. विहिरीवरची मोटार बंद करताना तो तिला म्हणतो, ‘बास आता बाई, दमलीस.’ लहानपणापासून ऐकतोय. कादंबरीत एवढंच ठेवलं: किसनला जाळून सगळे परत येतात, मोटार चालूच राहिलेली, पाणी बांधाबाहेर. धाकटा भाऊ जाऊन बटण दाबतो आणि त्याच्या तोंडून तेच निघतं. संपलं. दीड पान.
लिहून झाल्यावर मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धूत होतो. पण तोडग्यात माझं रडणं धरत नाहीत. मला ठाऊक आहे ना खोटं आहे ते.

१७ नोव्हें., सोम.
सुनंदानं वाचलं. पदराला डोळे पुसले आणि कुकर लावायला गेली. तिचंही धरता येत नाही.
(काय हिशेब करत बसलोय मी. खात्यातल्या पोरांना कळलं तर पुढच्या वर्षी भाषणाला उभं करणार नाहीत.)
उरल्या सं.बाई. त्यांनी दादाला पाहिलेलं नाही. एकदा विचारलं होतं, हे घडलेलं आहे का? मी विषय बदलला होता. मेल केला. ४.१०.

१९ नोव्हें., बुध.
सं.बाईंचा एका ओळीचा मेसेज. ‘१९ मिळालं, बघते.’ बास. आज माझ्याकडून एक खराब जॉब पास झाला, असिस्टंटनं पकडला. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

२१ नोव्हें., शुक्र. दवाखाना, तीन वीस
जुन्या बाडातल्या पानाच्या पाठीवर लिहितोय. वही घरी राहिली. रिपोर्टची खिडकी चारला उघडते, आम्ही दोनपासून बाकावर. दादाला घाई. वहिनी बाहेर नारळपाणी बघायला गेली आहे.
‘बाईचं काय आलं का रं?’ तिसऱ्यांदा विचारलं त्यानं. रिपोर्टचं एकदाही नाही.
आत्ता फोन आला. सं.बाई. आधी नुसता श्वास. मग म्हणाल्या, दोन दिवस फोन करायचं धाडस होईना. ते बटण दाबायचं वाचलं आणि पुढं वाचताच येईना. रडत होत्या, नीट बोलताही येत नव्हतं त्यांना. मग हळूच विचारलं, ‘कधी गेले हो तुमचे दादा?’
फोनचा आवाज मोठा. दादानं ऐकलं. मी ‘अहो नाही’ म्हणायला तोंड उघडलं, तर त्यानं माझं मनगट धरलं. घट्ट.
‘इतक्यात सांगू नगंस,’ म्हणाला, त्या फाटक्या आवाजात. ‘रडू दे तिला. येवढे चार वाजू दे.’
बाईंना म्हटलं, नंतर करतो फोन. त्यांना वाटलं, मला बोलवेना. तेही खरंच होतं.
पावणेचार. मनगट अजून त्याच्या हातात आहे, म्हणून अक्षर असं. खिडकी बंदच.